स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरची दीपगृहे: काय पाहावे, केव्हा पाहावे?

इनव्हर्नेसकर

नमस्कार. नोकरीनिमित्त मी काही वर्षांपासून स्कॉटलंडमध्ये इनव्हर्नेस येथे राहतो. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात माझे आईवडील रत्नागिरीहून तीन महिन्यांसाठी येत आहेत. वडिलांची सारी नोकरी बंदरावरच्या कामात गेली असल्यामुळे त्यांनी निघण्यापूर्वीच बजावले आहे की किल्ले आणि सरोवरे नंतर पाहू, आधी उत्तर किनाऱ्यावरची दीपगृहे दाखव. केप रॅथपासून डंकन्सबी हेडपर्यंतचा किनारा मोटारीने करावा आणि जमल्यास ऑर्कनी बेटांवरही जाऊन यावे, असा आमचा विचार आहे.

वाचन करताना एक गोष्ट मला उलगडली नाही. डनेट हेड हे ब्रिटनच्या मुख्य भूमीचे सर्वांत उत्तरेकडचे टोक असून तेथे समुद्र अतिशय खवळलेला असतो, तरीही तेथील मनोरा जेमतेम 20 मीटर उंच आहे. उलट ऑर्कनीमधील नॉर्थ रोनल्डसे या छोट्याशा, सपाट, मेंढ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बेटावरचा विटांचा मनोरा मात्र 42 मीटर उंच असून जमिनीवर बांधलेल्या ब्रिटिश दीपगृहांत तो सर्वांत उंच मानला जातो. असे का केले असावे? वडिलांना रात्री दिवा चालू असताना पाहायची फार इच्छा आहे, त्यासाठी मुक्काम कोठे करावा? आणि स्कॉटलंडमधील शेवटचे राखणदार 1998 मध्येच निघून गेले आणि जहाजांवर उपग्रहांवरून स्थान दाखवणारी यंत्रे आली, तर हे दिवे आजही का चालू ठेवले आहेत, हा त्यांचा प्रश्न मी त्यांच्या वतीने येथे मांडत आहे.

दर्यावर्दी

मी व्यापारी जहाजांवर डेक अधिकारी होतो आणि उत्तर समुद्रातून अटलांटिककडे जाताना पेंटलंड फर्थमधून, म्हणजे मुख्य भूमी आणि ऑर्कनी यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून, माझे जाणे झाले आहे. त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर खलाशाच्या बाजूने देतो.

दीपगृहाचा मनोरा किती उंच आहे याला खलाशाच्या लेखी फारसे महत्त्व नसते. दिवा समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे, एवढेच तो पाहतो. पृथ्वी गोल असल्यामुळे दिव्याचा उजेड कितीही प्रखर असला तरी तो क्षितिजापलीकडे सरळ पोहोचू शकत नाही. दिव्याची मीटरमधली उंची घेऊन तिच्या वर्गमुळाला साधारण 2.1 ने गुणले की त्या दिव्यापासूनचे क्षितिज सागरी मैलांत मिळते, आणि बघणारा स्वतः जहाजावर जितक्या उंचीवर उभा असेल त्याचे क्षितिज त्यात मिळवायचे असते. डनेट हेडचा कडाच इतका उंच आहे की 20 मीटरच्या मनोऱ्यानेही दिवा समुद्रापासून 105 मीटरवर जातो आणि त्याचे क्षितिज सुमारे 21 सागरी मैलांवर पडते. तेथे आणखी उंच मनोरा बांधण्यात पैसा आणि दगड दोन्ही वाया गेले असते. नॉर्थ रोनल्डसेला दीपगृहाच्या परिसरातली जमीन समुद्रापेक्षा काही मीटरच वर आहे. तेथे डनेट हेडएवढाच मनोरा बांधला असता तर दिवा नऊदहा मैलांवर क्षितिजाआड गेला असता. 42 मीटरच्या मनोऱ्यामुळे तो तेरा-चौदा मैलांपर्यंत दिसतो. आपल्या वडिलांना हे रत्नागिरीवरून लगेच पटेल, कारण भगवती बंदराच्या डोंगरावरचा दिवा आणि मुंबईत कुलाब्याच्या टोकापलीकडे पाण्यातल्या खडकावर उभे असलेले प्रॉंग्जचे उंच दीपगृह यांच्यातही हाच फरक आहे.

अति उंचीचाही तोटा असतो, हे येथे सांगायला हवे. केप रॅथचा दिवा समुद्रापासून 122 मीटरवर आहे आणि त्या भागात ढग अनेकदा इतके खाली उतरतात की समुद्रावर बऱ्यापैकी स्वच्छ हवा असतानाही दिवा मात्र ढगात बुडालेला असतो. याच कारणासाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बेल टाउटचे कड्यावरचे दीपगृह सोडून 1902 मध्ये बीची हेडच्या पायथ्याशी, थेट समुद्रात नवे दीपगृह बांधावे लागले होते.

नॉर्थ रोनल्डसेची कहाणी या सगळ्या किनाऱ्यावरची मला सर्वांत बोलकी वाटते. तेथे 1789 मध्येच एक दगडी दीपगृह उभारले होते. पुढे 1806 मध्ये शेजारच्या सँडे बेटावर स्टार्ट पॉइंट येथे स्कॉटलंडमधला पहिला फिरता दिवा लागला आणि आता दोन दिव्यांची गरज नाही असे ठरून 1809 मध्ये नॉर्थ रोनल्डसेचा दिवा विझवण्यात आला. दिवा काढून त्या जुन्या मनोऱ्याच्या डोक्यावर एक दगडी गोळा बसवला. तो मनोरा आणि तो गोळा आजही तेथे पाहता येतात. परंतु सँडेच्या दिव्याने नॉर्थ रोनल्डसेचे खडक सांभाळले गेले नाहीत, जहाजे तेथे आपटत राहिली, आणि अखेर 1850 च्या दशकात ॲलन स्टीव्हन्सन यांच्या आराखड्याप्रमाणे आताचे उंच दीपगृह बांधावे लागले. एक दिवा बंद करण्याच्या निर्णयाची किंमत चार दशके खलाशांनी भरली, असे मी म्हणेन.

रात्री जहाजावरून हे दिवे कसे दिसतात, तेही सांगतो, म्हणजे वडिलांना काय शोधायचे हे कळेल. दिवा क्षितिजाच्या वर येण्याच्या बराच आधी, हवा स्वच्छ असेल तर, त्याचा उजेड आकाशात उमटू लागतो: क्षितिजाच्या एका ठिकाणी फिकट झळक उठते, विझते, पुन्हा उठते. पहाऱ्यावरचा अधिकारी त्या वेळी घड्याळ हातात घेऊन झळकांमधले सेकंद मोजतो, कारण प्रत्येक दिव्याची चाल वेगळी ठेवलेली असते. डंकन्सबी हेड दर 12 सेकंदांनी एकदा चमकतो, नॉर्थ रोनल्डसे दर 10 सेकंदांनी एकदा, शेटलंडचा सम्बरा हेड 30 सेकंदांत तीनदा आणि अगदी उत्तरेचा मकल फ्लगा 20 सेकंदांत दोनदा. मोजलेले सेकंद नकाशावरच्या नोंदीशी जुळले की आपण कोणासमोर आहोत हे निश्चित होते. पेंटलंड फर्थमध्ये ही खात्री फार लागते, कारण तेथे भरती-ओहोटीची ओढ काही ठिकाणी 12 नॉटपर्यंत जाते, म्हणजे अनेक मालवाहू जहाजांच्या स्वतःच्या वेगाएवढी. पश्चिमेकडे जाणारी ओढ आणि समोरून येणारी अटलांटिकची लाट यांची गाठ पडली की 'मेरी मेन ऑफ मे' नावाचा उसळता पट्टा तयार होतो, आणि स्ट्रोमा बेटाच्या उत्तर टोकाशी भोवरा असतो. स्ट्रोमाचे दीपगृह त्याच टोकावर आहे.

चांदणवेडा

दर्यावर्दी यांनी दिवे ओळखायला शिकवले आहे, पण आपल्या बेतातली एक मोठी अडचण कोणी सांगितलेली दिसत नाही. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात उत्तर स्कॉटलंडमध्ये रात्र अशी होतच नाही. डनेट हेडच्या अक्षांशावर त्या दिवसांत मध्यरात्री सूर्य क्षितिजाखाली जेमतेम आठ अंश जातो, आणि शेटलंडच्या उत्तर टोकाला तर सहा अंशही नाही; त्यामुळे रात्रभर संधिप्रकाश टिकतो आणि ढग नसतील तर तेथे मध्यरात्री घराबाहेर उभे राहून वर्तमानपत्राचे मथळे वाचता येतात. दिवा लागलेला असतो, परंतु त्या उजळ आकाशासमोर तो एखाद्या ठिपक्यासारखाच दिसेल, आणि झोत फिरताना पाहण्याची वडिलांची इच्छा अपुरी राहील. आईवडील तीन महिने राहणार असतील तर दिव्यांसाठी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा जावे. त्या वेळी साडेनऊपर्यंत चांगला अंधार पडतो आणि वृद्ध माणसांना फार जागावेही लागत नाही. जूनची फेरी मात्र रद्द करू नये, कारण डनेट हेडच्या कड्यांवर पफिन पक्षी दिसण्याचा तोच काळ आहे आणि ऑगस्टमध्ये ते समुद्रावर निघून जातात.

लोलक

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून दिव्याच्या आतल्या गोष्टींविषयी लिहितो आणि एका ठिकाणाचा आग्रह धरतो. ते ठिकाण आपल्या मार्गावर नाही, तरीही इनव्हर्नेसहून पूर्वेला फ्रेझरबरा येथे जाऊन किनेर्ड हेड अवश्य पाहावे.

स्कॉटलंडच्या दीपगृहांचा कारभार पाहणारे नॉर्दर्न लाइटहाउस बोर्ड 1786 च्या कायद्याने स्थापन झाले आणि त्याचा पहिला दिवा 1 डिसेंबर 1787 रोजी किनेर्ड हेड येथे लागला. नवा मनोरा बांधण्याऐवजी सोळाव्या शतकातल्या एका गढीच्या माथ्यावरच तो बसवला होता: व्हेल माशाच्या तेलावर जळणारे सतरा दिवे आणि प्रत्येकामागे एक परावर्तक. हे काम करणारे टॉमस स्मिथ हे एडिनबरामध्ये रस्त्यांवरचे दिवे बनवणारे कारागीर होते. त्यांनी रॉबर्ट स्टीव्हन्सन यांच्या विधवा आईशी लग्न केले, रॉबर्टला हाताखाली तयार केले, आणि पुढे रॉबर्टने स्मिथ यांच्याच मुलीशी विवाह केला. रॉबर्ट, त्यांचे तीन मुलगे ॲलन, डेव्हिड आणि टॉमस, आणि डेव्हिड यांचे दोन मुलगे यांनी मिळून या किनाऱ्यावरची बहुतेक महत्त्वाची दीपगृहे बांधली. केप रॅथ (1828) आणि डनेट हेड (1831) ही रॉबर्ट यांची कामे आहेत, तर डंकन्सबी हेड 1924 मध्ये त्यांच्या नातवाने उभारले. एकाच घराने एक किनारा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ सांभाळल्याचे असे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

किनेर्ड हेडचा पहिला राखणदार जेम्स पार्क हा पूर्वी जहाजाचा कप्तान होता. त्याला रात्रीला एक शिलिंग आणि एक गाय चारण्यापुरती जमीन मिळत असे, आणि अट अशी होती की दर रात्री त्याच्या सोबतीला आणखी एक माणूस असला पाहिजे. ही अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण एकटा माणूस झोपी गेला, आजारी पडला किंवा पाय घसरून पडला तर दिवा विझेल, हे पहिल्या दिवसापासून गृहीत धरले होते. पुढे तीन राखणदारांची पद्धत आली आणि रात्र चार-चार तासांच्या पहाऱ्यांत विभागली गेली.

परावर्तकांच्या दिव्यांत पुष्कळ उजेड वाया जात असे. फ्रान्समध्ये ऑग्युस्तँ फ्रेनेल यांनी भिंगाभोवती लोलकांची वर्तुळे बसवून वर, खाली आणि बाजूला जाणारा उजेड क्षितिजाकडे वळवला. ॲलन स्टीव्हन्सन ते तंत्र फ्रान्समध्ये जाऊन शिकून आले आणि स्कॉटलंडमध्ये 1835 मध्ये इंचकीथ येथे ते प्रथम वापरले गेले. किनेर्ड हेडच्या जुन्या दीपगृहात आज स्कॉटिश दीपगृहांचे संग्रहालय आहे आणि चालू दिवा शेजारच्या छोट्या मनोऱ्यावर नेलेला असल्यामुळे जुन्या दीपकोठीत माणसाला अगदी भिंगाजवळ उभे राहता येते. काचेचा प्रत्येक लोलक वेगळ्या कोनात घासलेला, पितळी चौकटीत बसवलेला दिसतो. मधल्या भिंगाला कडेने वळसे घालत वर गेलेली ही वर्तुळे पाहिली की फळ्यावर काढलेली किरणांची आकृती समोर उभी राहते. अशी टनावारी वजनाची भिंगे पुढे पाऱ्याच्या कुंडात तरंगती ठेवू लागले. त्यामुळे घर्षण इतके कमी होई की हाताने हलके ढकलले तरी भिंग फिरू लागे. फिरवण्याचे काम वजनावर चालणारे घड्याळी यंत्र करीत असे. वजन मनोऱ्यातून हळूहळू खाली उतरे आणि ते तळाला पोहोचण्यापूर्वी राखणदाराला चावी देऊन पुन्हा वर घ्यावे लागे, रात्रभर, कितीही थंडी असली तरी. बंदरात आयुष्य काढलेल्या माणसाला ते यंत्र पाहून जो आनंद होईल तो बाहेरून दहा मनोरे पाहून होणार नाही.

इनव्हर्नेसकर

सर्वांचे मनापासून आभार. चांदणवेडा यांचा सल्ला वेळेवर मिळाला. आता जूनमध्ये किनारा आणि पक्षी, तर सप्टेंबरमध्ये दिवे, अशा दोन फेऱ्या ठरवल्या आहेत आणि फ्रेझरबराही जोडले आहे. दोन शंका उरतात. केप रॅथपर्यंत सत्तरी ओलांडलेल्या माणसांना नेता येईल का? आणि दिव्यांची आज गरज का, या वडिलांच्या प्रश्नाला उत्तर मिळालेले नाही. आईनेही विचारले आहे की राखणदारांची बायकामुले कोठे राहत असत.

रानवाटा

केप रॅथला मोटार जात नाही. डरनेसजवळ खाडी ओलांडायला लहान होडी असते आणि पलीकडून मिनीबस सुमारे 11 मैल दीपगृहापर्यंत नेते. तो रस्ता दीपगृहासाठीच 1828 मध्ये केलेला असून देशाच्या बाकीच्या रस्त्यांना तो कधीच जोडला गेला नाही, त्यामुळे धक्के सोसावे लागतात आणि अकरा मैलांना तासाच्या आसपास वेळ जातो. होडीत चढता-उतरता येत असेल आणि पाठीचे दुखणे नसेल तर सत्तरीतली माणसे जाऊ शकतात. वारा असेल तर होडी बंद राहते आणि तो भाग लष्करी सरावाचा असल्यामुळे काही दिवस रस्ताही बंद असतो, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करून मगच डरनेसला जावे. डनेट हेड आणि डंकन्सबी हेडला मात्र मोटार जवळपास दारापर्यंत जाते.

आईंच्या प्रश्नाचे उत्तर असे की ज्या दीपगृहांना जमिनीवरून वाट होती तेथे कुटुंबे आवारातल्या घरांतच राहत असत, शेजारी भाजीचा वाफा असे आणि मुले जवळच्या शाळेत जात. मकल फ्लगासारख्या खडकांवर कुटुंब राहणे अशक्य होते. क्रिमियाच्या युद्धात रशियाच्या उत्तर किनाऱ्याकडे जाणाऱ्या आरमारासाठी 1854 च्या हिवाळ्यापूर्वी त्या सुळक्यावर घाईघाईने तात्पुरता दिवा उभारला, आणि सुमारे 60 मीटर उंचीच्या खडकावर असूनही पहिल्याच हिवाळ्यात लाटांनी तेथवर पोहोचून दार फोडले. तेथील राखणदारांची घरे अन्स्ट बेटावर होती आणि पुरुष पाळीपाळीने खडकावर जात.

कुटुंब सोबत असणे हे नेहमीच सुखाचे ठरले असे नाही. शेटलंड आणि ऑर्कनी यांच्या मधोमध असलेल्या फेअर आइलच्या दक्षिण दीपगृहावर दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी दोनदा हल्ला केला. डिसेंबर 1941 मध्ये साहाय्यक राखणदाराची पत्नी मारली गेली आणि तिची तान्ही मुलगी जखमी झाली; पुढच्याच महिन्यात मुख्य राखणदाराची पत्नी, मुलगी आणि तेथे असलेला एक सैनिक मृत्युमुखी पडले. त्याच दीपगृहावरचे राखणदार 31 मार्च 1998 रोजी सर्वांत शेवटी निघाले आणि स्कॉटलंडमधला हा व्यवसाय संपला. राखणदारांविषयी बोलताना त्यांच्या बायकांचे नाव क्वचित निघते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

दर्यावर्दी

राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. उपग्रहांवरून मिळणारा संदेश पृथ्वीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो आणि तो बुजवायला फार मोठे यंत्र लागत नाही. 2008 मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडच्या दीपगृह संस्थांनी इंग्लंडच्या फ्लॅम्बरो हेडजवळ याची चाचणी घेतली होती. नॉर्दर्न लाइटहाउस बोर्डाचे 'पोल स्टार' हे जहाज संदेश बुजवलेल्या पट्ट्यातून नेले, तेव्हा यंत्रांनी काही वेळा काहीच दाखवले नाही आणि काही वेळा जहाजाचे भलतेच ठिकाण दाखवले. काहीच न दाखवणारे यंत्र परवडले, कारण अधिकारी सावध होतो. चुकीचे ठिकाण आत्मविश्वासाने दाखवणारे यंत्र जहाजाला खडकावर नेते. अशा वेळी खिडकीबाहेर पाहून, उपग्रहाशी कसलाही संबंध नसलेल्या दिव्याची दिशा घेणे हा पडताळा उरतो. शिवाय लहान मच्छीमार होड्या आणि शिडाच्या नौका यांना थकलेल्या डोळ्यांनी पाहता येईल अशी खूण लागतेच.

म्हणून प्रत्येक दिवा कायम ठेवतात असेही नाही. कोणता दिवा अजून लागतो याचा वेळोवेळी आढावा घेतला जातो. आपल्या वाटेवरचा स्ट्रॅथी पॉइंट हा स्कॉटलंडमध्ये सुरुवातीपासून विजेवर चालण्यासाठी बांधलेला पहिला दिवा 1958 मध्ये लागला आणि 2012 मध्ये बंद झाला, कारण आसपासचे दिवे त्या किनाऱ्याला पुरेसे ठरले. नॉर्थ रोनल्डसेच्या अनुभवानंतर असे निर्णय फार जपून घ्यावेत असे माझे मत आहे. उरलेल्या दिव्यांवर एडिनबरामधून लक्ष ठेवले जाते, आणि त्यांचा खर्च प्रामुख्याने बंदरांत येणाऱ्या व्यापारी जहाजांकडून घेतल्या जाणाऱ्या दीपशुल्कातून भागतो. वडिलांना ही आकारणी ओळखीची वाटेल.

स्टीव्हन्सन यांच्याविषयीची एक गोष्ट त्यांना जरूर सांगावी. ऑर्कनीच्या सँडे बेटावर फुटलेल्या जहाजांचे लाकूड आणि कापड लोकांच्या उपयोगी पडत असे, आणि तेथल्या एका नावाड्याने जुनी शिडे का वापरतोस असे विचारल्यावर रॉबर्ट स्टीव्हन्सन यांना तोंडावर सांगितले होते की तुम्ही इतकी दीपगृहे बांधली नसती तर मला गेल्या हिवाळ्यात नवी शिडे मिळाली असती.

सप्टेंबरच्या फेरीसाठी एक सूचना करतो. ऑर्कनीला जाताना गिल्स बे येथून सुटणारी फेरीबोट घ्यावी, कारण ती स्ट्रोमाजवळून जाते आणि ओढीने पाणी कसे वळते हे वडिलांना डेकवरून दिसेल. परतताना स्ट्रॉमनेसहून स्क्रॅबस्टरला येणारी संध्याकाळची फेरी मिळाली तर डाव्या बाजूला उभे राहावे. हवा स्वच्छ असेल तर डनेट हेडचा दिवा त्याच बाजूला दिसेल. घड्याळ वडिलांच्या हातात द्यावे आणि दिव्याची नोंद आधी न सांगता त्यांनाच सेकंद मोजू द्यावेत.